ट्रकचा ऑइल फिल्टर काउंटरवरच पारखून घ्यावा

रावेर-सावद्याहून केळी भरून दिल्लीकडे निघणाऱ्या ट्रकला हलका ऑइल फिल्टर बसवला, तर इंजिनाची झीज मालकाच्या लवकर लक्षात येत नाही. म्हणून फिल्टर घेताना दुकानातच दोन मिनिटे द्यावीत.

प्रथम जुन्या फिल्टरवरील पार्ट नंबर नव्याशी जुळवावा, कारण आटे सारखे असले तरी आतील बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबल्यावर तेलाला थेट वाट देणारी झडप) वेगळ्या दाबाचा असू शकतो. मग मोबाइलच्या टॉर्चने कडेच्या लहान छिद्रांतून आत पाहावे. इंजिन बंद असताना तेल धरून ठेवणारा रबरी पडदा जुन्यात असेल, तर तो नव्यातही असलाच पाहिजे.

माझ्या अनुभवात सर्वाधिक फसगत रबरात होते. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेल्या मालाचे गॅस्केट (फिल्टरच्या तोंडावरचे रबरी कडे) कडक होते, म्हणून त्यावर नख दाबावे. नखाची खूण लगेच बुजली, तरच तो फिल्टर घ्यावा. हलवल्यावर आत खडखड वाजत असेल, तर परत करावा.

बसवताना मात्र जुने गॅस्केट इंजिनालाच चिकटून राहिलेले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. दोन गॅस्केट एकावर एक बसल्यास चालत्या गाडीत दाबाने तेल बाहेर फेकले जाते.