कुदळ मारण्यापूर्वी: पांढरीच्या टेकाडाची भूभौतिकी पाहणी

घोड किंवा भीमेच्या काठच्या एखाद्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीच्या, टेकाडाची भूभौतिकी पाहणी (न खणता उपकरणांनी जमिनीखालचे अवशेष शोधणे) करायची असेल, तर उपकरण ठरवण्याआधी माती पाहावी. परदेशी पुस्तिकांतला क्रम पुणे जिल्ह्यात चालत नाही, कारण येथे खाली बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक, आणि वर काळी आहे. काळीचे ढेकूळ भिजवून तळहातावर वळावे. न तुटता बांगडी झाली, तर जमिनीत लहरी सोडून अवशेष शोधणाऱ्या रडारच्या लहरी त्या चिकण, ओल्या मातीत थोड्याच खोलीवर विरतील हे ओळखून रडारचे भाडे वाचवावे.

सुरुवात विद्युत रोध मोजण्याने करावी. ओलसर मातीतून वीज सहज वाहते, दगडी पायातून वाहत नाही. त्यामुळे गाडलेला पाया नकाशावर जास्त रोधाच्या पट्ट्यासारखा उमटतो. दोरीने २० मीटर बाजूचे चौकोन आखून दर मीटरला नोंद घ्यावी. यासाठी जमिनीत टोचायच्या इलेक्ट्रोडांच्या दोन जोड्या लागतात, एक फिरती आणि एक स्थिर. फिरत्या जोडीतील इलेक्ट्रोडांत अर्धा मीटर अंतर ठेवल्यास साधारण पाऊण मीटर खोलीपर्यंतचे अवशेष कळतात. स्थिर जोडी मात्र किमान १५ मीटर दूर रोवावी. हे काम कार्तिकाच्या सुमारास उरकावे. चैत्रापर्यंत काळीला भेगा पडतात आणि त्या भेगाच भिंती असल्याचा भास होतो.

चुंबकीय मापन जपून करावे. भट्टीची तापलेली माती निवताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवते, म्हणून भट्टी ठळक दिसते. पण लाव्हा थिजतानाही हेच घडलेले असल्यामुळे बांधावरचा साधा धोंडा भट्टीची हुबेहूब नक्कल करतो. सुटे धोंडे आधी नकाशावर टिपावेत, पट्ट्याचे बकल आणि मोबाईल झाडाखाली ठेवावेत. माझ्या नकाशातली सर्वांत देखणी ‘भट्टी’ शेवटी जुन्या मोटेचा लोखंडी पत्रा निघाली.

डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलेल्या घोडकाठच्या इनामगावची ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची व दगडाची हत्यारे वापरली जात त्या काळातली) घरे कुडामातीची होती. अशा भिंती रोधाच्या नकाशात शोधत बसू नये. चुली, भट्ट्या आणि राखेचे खड्डे यांवर भर द्यावा.

संशयाची जागा परवानगी घेऊन हातगिरमिटाने तपासावी. दर १० सेंटिमीटरला माती वेगळ्या पिशवीत भरून खोली लगेच लिहावी आणि फॉस्फेट तपासावे, कारण माणसांच्या व गुरांच्या वस्तीत ते साठते. टेकाडाबाहेरच्या काळीतलाही एक नमुना घ्यावाच. शेजारी ऊस असेल, तर वरच्या थरातले फॉस्फेट बहुधा खताचे असते.