हरभरा पेरायच्या आधी बारा दिवस: ट्रायकोडर्मा आजच शेणखतात मुरवा

परतीचा पाऊस उघडला की मंगळवेढा-मोहोळच्या काळ्या रानात वाफसा (पेरणीजोगी ओल) फार दिवस थांबत नाही. म्हणून पेरणीची तारीख नंतर ठरवा, आधी ट्रायकोडर्मा, म्हणजे मर रोगाच्या बुरशीला खाणारी उपयोगी बुरशी, शेणखतात घाला. आजच घाला.

दरवर्षी मी एकच चूक पाहतो. पेरणीच्या दिवशी सकाळी पुडा आणायचा, भर उन्हात कोरड्या रानात फेकायचा, आणि महिन्याभरात हरभरा मर रोगाने उबळला (वाळून मेला) की ट्रायकोडर्माला नावं ठेवायची. पुड्यात जिवंत बुरशी असते. तिला ओल, सावली आणि खायला शेणखत लागतं. मर रोगाची फ्युजारियम बुरशी रानात वर्षानुवर्षं दबा धरून बसते; ट्रायकोडर्मा तिच्या तंतूंना वेटोळे घालून तिला खाते, पण आधी स्वतः वाढली तरच.

एकरी 2 किलो पुडा आणि 100 किलो पूर्ण कुजलेलं शेणखत घ्या. झाडाच्या सावलीत थर लावून मिसळा. मूठ आवळली तर गोळा व्हावा, पाणी गळू नये, इतकीच ओल ठेवा. वरून ओलं गोणपाट टाका आणि दर तीन-चार दिवसांनी ढीग चाळवा. दहा-बारा दिवसांत गोणपाट उचललं की पांढऱ्या जाळीवर हिरवी झाक दिसते. काही वेळा ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो. तसा वास आला की माल जोरात आहे असं मी धरतो. हा माझा अनुभव, शिफारस नव्हे. हिरवं काहीच दिसलं नाही तर पुडा बहुधा मेलेला होता. दुकानात पत्र्याखाली उन्हाळा काढलेला पुडा मरतोच, म्हणून मुदत बघा आणि शक्यतो कृषी विज्ञान केंद्रातून किंवा विद्यापीठातून ताजा घ्या.

तयार खत संध्याकाळी ओल्या रानात पसरून लगेच कुळवाने मातीआड करा.

बियाणं:
- ट्रायकोडर्मा 5 ग्रॅम प्रति किलो
- नंतर रायझोबियम (नत्र देणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), प्रत्येकी 250 ग्रॅम 10 किलो बियाण्याला
- सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी
- जिरायत पेरणी 10 ऑक्टोबरपर्यंत, अंतर 30 बाय 10 सें.मी.
- वाण विजय किंवा दिग्विजय

ट्रायकोडर्मासोबत बियाण्याला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चोळू नका, ते ट्रायकोडर्मालाही मारतं. पिवळं पडलेलं रोप दाखवलं की दुकानदार हजार-बाराशेची 'मुळी वाढवणारी' बाटली पुढे करतो. आमच्या शिवारात एकाने तशा तीन ओतल्या, तरी निम्मा पट्टा गेला. अशा वेळी रोप उपटून मूळ उभं चिरा. आत तपकिरी-काळी रेघ दिसली तर ते झाड कुठल्याही बाटलीने वाचणार नाही. मुळासकट काढून जाळा, बांधावर टाकू नका.

तुरीच्या मर रोगाचंही तेच. बार्शीकडच्या रानात ती आत्ता फुलोऱ्याला येतेय. खोडावर बुडापासून वर चढणारा जांभळट पट्टा दिसला, तर ती जागा खुणेच्या काठीने आखून ठेवा आणि तिथे पुढची तीन-चार वर्षं तूर घेऊ नका.