किनाऱ्यावर कासव सापडलं? मदत करताना या चुका टाळा

जून ते ऑगस्टमध्ये कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं वाऱ्या-लाटांबरोबर येऊन पडतात. ती अंडी घालायला आलेली नसतात. आपल्याकडे त्यांचा विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. भर पावसात वाळूवर निपचित पडलेलं कासव बहुतेक वेळा जखमी, आजारी किंवा पार थकलेलं असतं. तरी जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतंच, "वाट चुकलंय बिचारं, सोडा पाण्यात." चार जण मिळून त्याला लाटेत ढकलतात, व्हिडिओ काढतात आणि पुण्य केल्याच्या समाधानात घरी जातात.

सगळ्यात मोठी चूक हीच. समुद्री कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. त्याला पुन्हा पुन्हा वर येऊन डोकं पाण्याबाहेर काढावं लागतं. अंगात त्राण नसेल, तर कासवसुद्धा बुडून मरतं. म्हणूनच त्याला टाकीत किंवा पाण्याच्या टबात ठेवणंही धोक्याचं.

ढकलण्याआधी दोन मिनिटं नीट बघा. पाठीवर शेवाळ आणि बार्नेकलचे (अंगाला चिकटून वाढणाऱ्या कवचधारी जिवांचे) पांढरे टणक थर साचलेत का? तसं असेल तर ते बरेच दिवस धड पोहलेलं नाही. डोळे आत गेलेत, मानेपाशी खड्डे पडलेत, पोटाकडचं कवच आत बसलंय, ही उपासमारीची लक्षणं. पुढच्या फ्लिपरच्या (वल्ह्यासारख्या पायाच्या) मुळाशी मात्र आवर्जून बघा. समुद्रात सोडून दिलेल्या जाळ्याचा नायलॉन तिथे मांसात इतका रुततो की कधी कधी हाड दिसतं. असा फ्लिपर अनेकदा शेवटी कापावा लागतो.

"ताप" समजून थंड पाणी ओतणं, बर्फ लावणं हीही चूकच. कासव सरपटणारा प्राणी. अंगाची ऊब त्याला बहुतांशी बाहेरूनच मिळते. अंग गार पडलं की पचन मंदावतं आणि रोगप्रतिकारशक्तीही ढिली पडते. मग जखमेत जंतू माजतात, फुप्फुसांचा संसर्ग बळावतो. उलट भर उन्हात ठेवलं तर अंग भाजून निघतं. म्हणून सावली आणि ओलसर फडकं एवढंच पुरे. नाकपुड्या मात्र मोकळ्या ठेवा. या प्राण्यांची जखम भरायला आठवडे, महिने लागतात. चार दिवसांत हालचाल वाढली म्हणून "बरं झालं, सोडून द्या" हा आग्रह धरू नका.

मासे, कोळंबी भरवू नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना आतडं अन्न पुढे सरकवत नाही. तोंडातून गळाची दोरी लोंबत असेल तर ती ओढू नका. दुसरं टोक आतड्यापर्यंत गेलेलं असू शकतं आणि ओढल्यावर आतडं चिरतं. कुत्री आणि माणसं लांब ठेवा, वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. डहाणूला समुद्री कासवांचं उपचार केंद्र आहे.

विणीच्या हंगामातल्या चुका वेगळ्या, पण तिथेही तापमान महत्त्वाचं. घरट्यातली वाळू साधारण २९-३० अंशांच्या वर गेली की माद्या जास्त निपजतात. ३४-३५ च्या पुढे बराच काळ राहिली तर गर्भच मरतात. उन्हाळे तापत चाललेत, तेव्हा हॅचरीवर (अंडी सुरक्षित पुरून ठेवायच्या कुंपणातल्या जागेवर) सावलीचं जाळं घालणं आणि घरट्यांत अंतर ठेवणं याला आता पर्याय नाही. अंडी हलवायचीच असतील तर घातल्यापासून काही तासांतच हलवा. नंतर गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. अंडं फिरलं की तो दगावतो.

आणि पर्यटकांसाठी पिल्लं टबात तासन् तास थांबवून ठेवणं मला अजिबात पटत नाही. पोटातल्या बलकाच्या शिदोरीवर त्यांना खोल समुद्र गाठायचा असतो. ती शिदोरी टबात हातपाय मारण्यातच संपते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून लोकांच्या बळावर हे संवर्धन उभं राहिलं. पिल्लं बघायला येणाऱ्यांनीही तेवढी शिस्त पाळावी. टॉर्च, फ्लॅश नको, उचलून सेल्फी तर नकोच.

मच्छीमार बांधवांसाठी एक महत्त्वाचं. जाळ्यात आलेलं कासव हलत नसलं तरी मेलंय असं धरून चालू नका, पाण्यात फेकू नका. त्याला पोटावर ठेवा, मागची बाजू सहा-आठ इंच उंच करा, म्हणजे फुप्फुसांतलं पाणी निघतं. शुद्धीवर यायला काही तास, कधी पूर्ण दिवसही लागतो. त्याच्यासाठी जाळं कापावं लागलं तर डिसेंबर २०१८ पासून राज्यात २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. फोटो, व्हिडिओ लागतात, तेव्हा कापताना आणि सोडताना मोबाइलवर शूटिंग करून ठेवा.