आओ नांगला स्वस्तात जायचंय? मग या चुका टाळा

विमानाचं तिकीट दीड हजारांनी स्वस्त पडलं म्हणून महिनाभर सांगत सुटणारी मंडळी दक्षिण थायलंडमधल्या क्राबी विमानतळाबाहेर आली की तेच दीड हजार टॅक्सीवाल्याच्या हातात ठेवतात. तिथून आओ नांगचा किनारा पंचविसेक किलोमीटर. टॅक्सी ६०० बाटच्या आसपास, बस माणशी १५० च्या. बाट धरा अडीच-तीन रुपये. दोघं असाल तर बसने निम्म्यात पोहोचता. पण बस भरेपर्यंत अर्धा तास थांबणं यांच्या जिवावर येतं. चार दिवस किनाऱ्यावर नुसतं लोळायला आलेल्या माणसाला कसली घाई असते, देव जाणे.

ओळखीत कुणी थायलंडला निघालं की फोन येतो आणि मी तेच ते सांगत बसतो. ऐकून घेतात, ‘हो हो’ म्हणतात आणि जाऊन नेमकं उलटं करतात. बजेट विमानात बिघडत नाही, शेवटच्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये बिघडतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

पत्त्यावर विश्वास ठेवून खोली घेणं

ॲपवर ‘आओ नांग’ टाकायचं, स्वस्त खोल्या वर आणायच्या, पहिल्या तीनांतली एक पक्की करायची. फोटोत नारळाचं झाड असलं की झालं. आता गंमत बघा. आओ नांग हे त्या किनाऱ्यावरच्या वस्तीचं नाव आहे, तसंच त्या अख्ख्या तांबोनचंही आहे. तांबोन म्हणजे तिथला तालुक्याखालचा विभाग. या विभागात रायले येतं, जिथे डोंगरकड्यांमुळे रस्ताच पोहोचत नाही, बोटीनेच जावं लागतं. भर समुद्रातली फी फी बेटंसुद्धा याच तांबोनमध्ये मोडतात. तेव्हा पत्त्यात आओ नांग आहे म्हणून समुद्र दारात आहे, असं समजणाऱ्याला मी काय बोलणार?

बेटावरची खोली चुकून घेणारे तसे कमीच. जास्त फसतात ते आतल्या रस्त्यावर. क्राबी शहराकडून येणाऱ्या रस्त्यालगत, रबराच्या आणि पामच्या बागांकडेला खोल्या खरंच स्वस्त असतात आणि बऱ्याचदा छानही असतात. पण किनारा चार-पाच किलोमीटर लांब. समजा रात्रीमागे ३०० बाट वाचले. दिवसातून दोनदा किनाऱ्यावर जाणं-येणं, रात्री जेवायला पुन्हा एकदा, आणि अंधार पडल्यावर गाडी बोलवायची तर ॲपवाला मागेल तो दर. ते ३०० संध्याकाळच्या आत संपतात. स्वतःची स्कूटर असेल तर हीच जागा उत्तम. नसेल तर नाही.

मी किमतीकडे नंतर बघतो, आधी नकाशा. आओ नांगच्या किनारी रस्त्यावर लाँगटेल बोटींची, म्हणजे तिथल्या लांबट लाकडी मोटरबोटींची, तिकीटखिडकी आहे, तिथे खूण करायची आणि पायी पंधरा मिनिटांत येईल एवढ्याच टापूतल्या खोल्या बघायच्या. समुद्राला समांतर रस्ता सोडून आतल्या सोईत, म्हणजे गल्लीत, शिरलं की दर उतरतात. मशिदीच्या बाजूला गेलात तर पहाटेची अजान ऐकू येईल, कारण इथे मुस्लिम वस्ती मोठी आहे. त्याच बाजूला रस्त्याकडेला खाणंही परवडणारं मिळतं. माझी तक्रार नाही.

आणि सगळे दिवस आधीच पैसे भरून अडकवू नका. पहिल्या दोन रात्री घ्यायच्या, दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीगल्लीतून फिरायचं, ‘आठवड्याचा दर काय?’ म्हणून तोंडाने विचारायचं. खोली उघडून बघायची, नळ सोडून बघायचा, खिडकीची जाळी बघायची. एसी नको, पंखा चालेल म्हटलं की काही ठिकाणी वेगळा, कमी दर निघतो. उन्हात तासभर चालावं लागतं, हे खरं. ज्याला ते नको त्याने बजेट प्रवासाच्या गप्पा मारू नयेत. फक्त नाताळ ते नववर्ष या दिवसांत असं करू नका, तेव्हा आधी बुकिंग केलेलंच बरं. १३ ते १५ एप्रिलच्या सोंगक्रानलाही, म्हणजे थाई नववर्षालाही, तसंच. तेव्हा अख्खा थायलंड गावी निघालेला असतो आणि गाड्यांत जागा नसते.

एका डबल खोलीत चौघं घुसवायचा बेत गोव्यात खपत असेल, इथे काउंटरवर पासपोर्ट मोजतात.

बँकॉकहून जोड-तिकीट

ही माझी सगळ्यात नावडती चूक. बँकॉकच्या खाओ सान रस्त्यावर एजंटांच्या टेबलांवर फलक असतो: बस अधिक व्हॅन, थेट आओ नांग, सरकारी बसपेक्षा स्वस्त. भुसावळचा माझा मामेभाऊ तीन मित्रांना घेऊन याच तिकिटावर निघाला. मी नको म्हटलं होतं. ‘दादा, दोनशे बाट वाचतायत ना,’ हे त्याचं उत्तर.

संध्याकाळी बस निघाली. शर्टावर रंगीत स्टिकर चिकटवले, बॅगा बसच्या पोटात टाकल्या. पहाटे पाचला सुरात थानीला उतरवलं, तेही बसस्थानकावर नाही, गावाबाहेर एका एजन्सीच्या अंगणात. (सुरात थानी हे नाव आपल्या सुरतेवरून १९१५ साली ठेवलेलं, आणि तिथल्या नदीचं नावही तापी. तापीकाठचा पोरगा तापीकाठीच अडकला, हे मी त्याला अजून ऐकवतो.) सामुई बेटाच्या स्टिकरवाल्यांची गाडी आली, ती मंडळी गेली. क्राबीवाल्यांना सांगितलं, व्हॅन अकराला. लवकर जायचं असेल तर माणशी ३०० बाट जादा. हे चौघं हट्टाने प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिले. तेवढ्यात एकाच्या लक्षात आलं की सॅकची चेन उघडी आहे. आतली पॉवर बँक आणि पाकिटातले सुटे बाट गेलेले. विचारायचं कुणाला? बस केव्हाच निघून गेली होती.

व्हॅन बाराला आली. तिने क्राबी शहराबाहेरच्या दुसऱ्या एका ऑफिसात सोडलं. आओ नांग? शंभर बाट आणखी. शिवाय काउंटरवरची बाई हॉटेलचे फोटो दाखवत राहिली, ‘तुमचं हॉटेल बंद झालंय’ असंही म्हणाली. संध्याकाळी पाचला पोरं खोलीवर पोहोचली. हॉटेल अर्थातच उघडं होतं.

असं करा. बँकॉकच्या साय ताय माय या दक्षिणेच्या बसस्थानकावर जा, तिथल्या काउंटरवरून क्राबीची थेट रात्रीची बस घ्या. अकरा-बारा तासांत ती क्राबीच्या बसस्थानकात सोडते. तिथून आओ नांगला पांढरी सोंगथेव मिळते: पिकअपच्या मागे दोन बाकं, आपल्या वडापसारखीच, भाडं ६० बाटच्या आसपास. अंधार पडला की मात्र त्या कमी होतात. पासपोर्ट आणि पैसे बसच्या पोटात कधीच टाकायचे नाहीत, कुठल्याच बसच्या.

ट्रेनची हौस असेल तर रात्रीची स्लीपर घ्या, झोप छान लागते. पण क्राबीला रेल्वे नाही. सुरात थानीपर्यंतच तिकीट मिळतं, आणि ते स्टेशनही शहरात नाही, फुनफिनला आहे. पुढे बसने अडीच-तीन तास. जुन्या लेखांवर विसंबून बँकॉकच्या जुन्या हुआ लाम्फोंग स्टेशनवर जाऊन उभे राहू नका. लांब पल्ल्याच्या दक्षिणेच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून बँकॉकच्याच क्रुंग थेप अफिवात या नव्या स्टेशनहून सुटतात.

बाकीच्या, पटापट

मुंबईहून फुकेतला थेट उतरलात तर विमानतळ बेटाच्या उत्तर टोकाला आहे आणि क्राबीचा रस्ताही उत्तरेलाच पुलावरून बाहेर पडतो. ‘एक रात्र पातोंगचा किनारा बघू’ म्हणून दक्षिणेला गेलात की तेवढंच अंतर परत यावं लागतं.

बँकॉकला दोन विमानतळ आहेत. सुवर्णभूमीला उतरून डॉन मुआंगहून स्वस्त विमान धरायचं असेल तर मध्ये चार-पाच तास ठेवा. दोन तासांत होतं म्हणणाऱ्याने बँकॉकचा ट्रॅफिक पाहिलेला नसतो.

१ मे २०२५ पासून आगमनाचं डिजिटल कार्ड भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट बनावट समजा.

दिवाळीच्या सुट्टीत सामुईला जाऊ नका. क्राबीच्या बाजूला, म्हणजे अंदमान समुद्राकडे, पाऊस आपल्या कोकणासारखा मे-जूनपासून असतो आणि दिवाळीच्या सुमारास ओसरत जातो. थायलंडच्या आखाताच्या बाजूला, जिथे सामुई आहे, नेमका तेव्हाच सुरू होतो. पावसाळ्यात क्राबीला खोल्या स्वस्त मिळतात हे खरं, पण समुद्र खवळला तर बोटी बंद.

एटीएममधून थोडे थोडे पैसे काढू नका. परदेशी कार्डावर दर वेळी २०० बाटहून जास्त शुल्क कापतात.

रायलेला राहणार असाल तर चाकांची मोठी बॅग नको. बोट किनाऱ्यापासून थोडी आधीच थांबते आणि गुडघाभर पाण्यातून उतरावं लागतं. आओ नांगहून दिवसा माणशी १०० बाट, पण सात-आठ माणसं जमल्याशिवाय बोटवाला निघत नाही. संध्याकाळी सहानंतर दर वाढतो. म्हणून रायलेची खोली घेतली असेल तर क्राबीला दुपारपर्यंत पोहोचणारंच विमान बघा, मग ते थोडं महाग का असेना.

स्कूटरसाठी पासपोर्ट ठेवून येणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. रोख अनामत घेणारं दुकान मिळेपर्यंत पुढे चालत राहा. गाडीचे आधीचे ओरखडे दुकानदारासमोरच व्हिडिओत घ्या. आणि आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून इथूनच काढून न्या, त्यात दुचाकीची नोंद आहे ना हे बघून. ती नसेल तर पोलीस दंड करतातच, अपघात झाल्यास विमा कंपनीही हात वर करते. आणि क्राबीच्या खासगी रुग्णालयाचं बिल बजेट प्रवाशासाठी बनवलेलं नसतं.