खाण्यापिण्याचे इंग्रजी शब्द शिकवताय? या चुका टाळा

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या बायकांचा वर्ग सुरू झाला की दोन-चार दिवसांत भिंतीवर भाज्यांचा तक्ता लागतोच. वीस चित्रं, वीस नावं, सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. आठवड्याने कोबीवर बोट ठेवून विचारा. निम्म्या जणी 'कॉलिफ्लॉवर' म्हणतील, बाकीच्या एकमेकींकडे बघतील.

दोष तक्त्याचा आहे. एका जातीचे शब्द एकदम दिले की ते एकमेकांत मिसळतात. टिंकहॅम या संशोधकाच्या १९९३ आणि १९९७ मधल्या प्रयोगांतही हेच दिसलं: एकाच प्रकारच्या वस्तूंची नावं गठ्ठ्याने शिकणं जड जातं, एका प्रसंगाशी जोडलेले शब्द सोपे जातात. त्यात आपण मराठीत 'फ्लॉवर'चीच भाजी करतो, म्हणजे घोळाची तयारी घरूनच. तेव्हा कोबी आज घ्या, फ्लॉवर पुढच्या आठवड्यात. आणि तक्त्याऐवजी एक पदार्थ घ्या. कांदेपोहे घेतले तर ऑनियन, ऑइल, सॉल्ट यांच्याबरोबर वॉश, कट, अ‍ॅड, स्टर हेही येतात आणि करणारीला क्रम आधीच पाठ असतो. 'किचन' आणि 'चिकन' मात्र एका दिवशी नकोत. नाहीतर 'आय अ‍ॅम कुकिंग किचन' ऐकायची तयारी ठेवा.

दुसरी चूक म्हणजे वर्गात खोटा भाजीबाजार भरवणं. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारात मेथी कोण इंग्रजीत घेतं? इंग्रजी लागतं ते वेगळ्याच ठिकाणी. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये स्वयंपाकाला जाणाऱ्या मावशींच्या फोनवर मॅडमचा मेसेज येतो: 'प्लीज गेट अ लोफ ऑफ ब्रेड, टू पॅकेट्स ऑफ मिल्क अँड अ बंच ऑफ कोरिएंडर.' ब्रेड, मिल्क, पॅकेट त्यांना केव्हाचे येतात. गाडी अडते ती 'लोफ' आणि 'बंच'वर. म्हणजे नावांपेक्षा मापं शिकवायला हवीत: जुडीला बंच, पाकळीला क्लोव्ह, वाटीला बोल, चिमटीला पिंच. 'टू ब्रेड्स' का चालत नाही याचं व्याकरण सांगत बसू नका. 'टू स्लाइसेस ऑफ ब्रेड' एवढं दहादा वापरून घ्या, ते बसतं.

थालीपीठाचं इंग्रजी शोधण्यात वेळ घालवू नका. चटणी आणि तूप 'चटनी' आणि 'घी' होऊन इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसलेत, थालीपीठालाही थालीपीठच म्हणू द्या. 'इट इज मेड फ्रॉम...' हे एक वाक्य दिलं की पुढचं त्या सांगतात.

'आय लाइक चिकन' हे वाक्य सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेणं तर बंदच करा. वर्गात कोणी माळकरी असते, कोणाचा श्रावण चालू असतो. 'आय डोन्ट लाइक' आणि 'आय डोन्ट इट' ही दोन्ही वाक्यं पहिल्याच आठवड्यात द्या. आवडत नाही आणि खात नाही यांत फरक आहे आणि तो आपल्याकडे रोज सांगावा लागतो.

तिखटाला 'हॉट' शिकवू नका. इंग्रजीत ते चालतं, पण नवशिक्याला गरम की तिखट ते कळत नाही. 'स्पायसी' वेगळा ठेवा.

आता नेहमीची तक्रार: वर्गात सगळं येतं, बाहेर तोंड उघडत नाही. बहुतेक वेळा शब्द ओळीने पाठ झालेले असतात, मधला एकटा उचलता येत नाही. यावर माझा भरवसा रिकाम्या पाकिटांवर आहे. घरातून बिस्किटांची, मसाल्यांची, दुधाची पाकिटं आणायला सांगा. हिरवा गोल ठिपका शाकाहारी, तपकिरी त्रिकोण मांसाहारी, हे त्यांना ओळखू येतंच. त्याच्या आसपासचं इंग्रजी वाचायला लावा. 'बेस्ट बिफोर' शोधा, 'नेट क्वांटिटी' शोधा. मग 'इन्ग्रीडियंट्स'ची यादी. त्यात जे वजनाने जास्त ते आधी लिहायचा नियम आहे. म्हणून विचारा, 'विच इज मोअर, शुगर ऑर मिल्क?' मुलाच्या डब्यातल्या बिस्किटात साखर दुसऱ्या नंबरवर दिसली की वर्गातली सगळ्यात गप्प बाईसुद्धा 'टू मच शुगर!' म्हणते. तिथे लगेच 'मच' आणि 'मेनी' समजावायला धावू नका, तिला आधी बोलू द्या.