हवेचे नवे सेन्सर तपासताय? खान्देशात या चुका टाळा

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत जळगाव आहे, त्यामुळे स्वस्त सेन्सरचे प्रस्ताव इथल्या टेबलांवर येत राहणार. ते सरकारी केंद्रातल्या यंत्राशेजारी ठेवून जरूर तपासावेत. पण तपासणीच चुकली, तर पुढची कित्येक वर्षं चुकीचे आकडे जमा होत राहतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दुसरीकडचा अहवाल इथे लागू धरणं. हे सेन्सर हवेतले कण मोजतात ते लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून. धुराच्या बारीक कणांवर ते बरे चालतात. जाड धूळ मात्र त्यांना नीट दिसत नाही, आणि पीएम १० चा (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा बरेचसे सेन्सर बारीक कणांवरूनच अंदाजाने काढतात. आता वैशाखातला खान्देश बघा: नांगरून पडलेली काळी रानं, वाऱ्याची वावटळ, रस्त्याकडेचा फुफाटा. सरकारी केंद्रातलं बीटा किरणांवर चालणारं यंत्र, म्हणजे बॅम, अशा दुपारी उसळी दाखवतं आणि शेजारचा सेन्सर जवळपास सपाट रेघ ओढतो. श्रावणात उलटं होतं. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर जास्त प्रदूषण सांगतो. म्हणून फक्त थंडीत घेतलेली चाचणी अपुरी आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २०२१ च्या चाचणी पद्धतीतही एकाच मॉडेलचे किमान तीन नग, किमान ३० दिवस, आणि वेगळ्या हवामानात दोनदा, अशी अट आहे. इथे मी तीन वेळा म्हणेन: पऱ्हाट्या जाळण्याच्या दिवसांत, ऐन उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात.

दुसरी चूक, नुसता आर-स्क्वेअर, म्हणजे दोन यंत्रांचे आकडे किती एकसाथ बदलतात ते सांगणारा शून्य ते एकमधला आकडा, बघून 'पास' म्हणणं. समजा सेन्सर प्रत्येक वेळी बॅमच्या ७० टक्केच आकडा देतो. दोन्ही रेघा एकत्र चढतात-उतरतात, आर-स्क्वेअर एकच्या जवळ येतो, सगळे खूश. पण पीएम २.५ ची (अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची) खरी सरासरी घनमीटरला ७५ मायक्रोग्रॅम असेल त्या दिवशी सेन्सर ५२ दाखवतो. आपली २४ तासांची मर्यादा ६० आहे. म्हणजे मर्यादा ओलांडलेला दिवस कागदावर चांगला ठरला. त्यामुळे उतार (बॅमचा आकडा एकने वाढला तर सेन्सरचा कितीने वाढतो), सरासरी चूक आणि तीन नगांमधला आपसातला फरक अहवालात हवाच.

आकडे अजिबात जुळत नसतील, तर सेन्सरला दोष देण्याआधी घड्याळ बघा. सेन्सरचा डेटा बहुतेकदा जागतिक वेळेत साठतो आणि केंद्राचा भारतीय वेळेत, म्हणजे साडेपाच तासांचा फरक. सकाळी ८ चा धूर मध्यरात्री अडीचला दिसू लागला, तर हाच घोळ समजा. पाच तास सरकवून भागत नाही, तो उरलेला अर्धा तास तासाची सरासरी बिघडवतो. एक-एक मिनिटाचा डेटा घ्या, आधी वेळ दुरुस्त करा, मग सरासरी काढा. केंद्राची '९ वाजता' ही नोंद ८ ते ९ ची की ९ ते १० ची, हेही विचारून घ्या.

काही कंपन्या जवळच्या सरकारी केंद्राचे आकडे वापरून आपल्या सर्व्हरवर डेटा आपोआप 'सुधारतात'. अशा डेटाची त्याच केंद्राशी तुलना केली, तर तपासलं काय? कच्चा डेटा मिळेल आणि चाचणी चालू असताना सॉफ्टवेअर बदललं जाणार नाही, ही अट कामाच्या आदेशातच लिहा. नंतर मागितलेला कच्चा डेटा क्वचितच हाती येतो.

जागेचं फार सांगण्यासारखं नाही. बॅम जिथून हवा ओढतं त्या तोंडाच्या उंचीला, दोन-चार मीटरच्या आत, सावलीत पण मोकळ्या वाऱ्यावर. पत्र्याला चिकटवू नका. जळगाव-भुसावळचा पारा ४५ वर जातो तेव्हा उन्हातला डबा आतून त्याहून जास्त तापतो, आणि त्यात वायू मोजणारा रासायनिक सेल असेल, तर त्याचा शून्यच सरकतो, म्हणजे वायू नसतानाही तो आकडा दाखवतो. एखादाच नग अचानक वेगळं बोलू लागला, तर आधी जाळी उघडून बघा. पुष्कळदा आत कोळिष्टक असतं.

लाइट जाऊन डेटा तुटला, तर रिकाम्या जागा सरासरीने भरू नका. त्या तशाच ठेवा आणि किती टक्के तासांचा डेटा मिळाला ते लिहा. ७५ टक्क्यांच्या खाली असेल, तर चाचणीची मुदत वाढवून घ्या.