अंगावर वारंवार उठणारे पित्त आणि अँटीहिस्टामिन गोळ्या : औषध कसे घ्यावे

अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की गोळी घ्यायची आणि त्या बसल्या की पाकीट कपाटात ठेवून द्यायचे, ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. एखाद्या वेळी उठलेल्या पित्तासाठी ती चालून जाते. मात्र आठवड्यातले बहुतेक दिवस गांधी उठत असतील आणि हे सहा आठवड्यांहून अधिक काळ चालू असेल, तर त्या आजाराला जुनाट शीतपित्त म्हणतात आणि तिथे ही पद्धत फसते. अशा रुग्णाने गोळी रोज, ठरलेल्या वेळी, त्या दिवशी गांधी असोत वा नसोत, घ्यायची असते.

याचे कारण औषधाच्या कामात आहे. त्वचेतील मास्ट पेशी हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात, ते रक्तवाहिन्यांवरील आणि चेतातंतूंवरील ग्राहींना, म्हणजे ते रसायन पकडणाऱ्या जागांना, जाऊन चिकटते, आणि त्यामुळे त्वचा फुगते, लाल होते, खाजते. अँटीहिस्टामिन औषध हिस्टामिनचे उत्पादन थांबवत नाही. ते त्या ग्राहींवर आधीच जाऊन बसते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा हा प्रकार असल्यामुळे, गाडी भरून गेल्यावर टाकलेल्या रुमालाचा फारसा उपयोग होत नाही. उठलेली गांध गोळीने काहीशी लवकर बसेल, खाजही कमी होईल, पण पुढची गांध उठू न देणे हे या औषधाचे खरे काम आहे.

औषध सुरू करण्यापूर्वी आजार तोच आहे ना, याची खात्री घरच्या घरी बऱ्यापैकी करता येते. नुकत्याच उठलेल्या एका गांधीभोवती बॉलपेनने रेघ काढावी आणि शेजारी वेळ लिहून ठेवावी. पित्ताची गांध साधारणपणे चोवीस तासांच्या आत त्या जागेवरून मागमूस न ठेवता नाहीशी होते, मग दुसरीकडे नवी का उठेना. रेघेच्या आतला चट्टा दुसऱ्या दिवशीही तसाच असेल, खाजण्यापेक्षा दुखत असेल किंवा जाताना काळानिळा डाग ठेवत असेल, तर तो रक्तवाहिन्यांच्या दाहाचा प्रकार असू शकतो आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे. गांधी मुळीच नाहीत, फक्त ओठ, पापण्या किंवा जीभ सुजते, असे असेल तर रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे डॉक्टरांना आवर्जून दाखवावीत. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गटातील औषधांनी अशी सूज येते आणि तिच्यावर अँटीहिस्टामिनचा परिणाम होत नाही.

आता गोळीची निवड. एव्हिल, क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन ही जुन्या पिढीची औषधे मेंदूत शिरतात, त्यामुळे गुंगी येते, तोंड कोरडे पडते, आणि रात्री घेतली तरी सकाळी गाडी चालवताना प्रतिक्रिया मंद राहू शकते. काचबिंदू असलेल्यांनी किंवा प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीला अडथळा होणाऱ्यांनी ती टाळावीत. रोजच्या उपचारासाठी दुसऱ्या पिढीची औषधे वापरावीत. प्रौढांसाठी त्यांची नेहमीची दिवसाची मात्रा अशी असते : सेटिरिझिन 10 मिलिग्रॅम, लेव्होसेटिरिझिन 5, लोराटाडिन 10, डेस्लोराटाडिन 5, फेक्सोफेनाडिन 180, बिलास्टिन 20. यातले एक सर्वांत चांगले आणि बाकीची दुय्यम, असे नाही. एकाला जे लागू पडते ते दुसऱ्याला पडेलच असे सांगता येत नाही. सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिनने काहींना झोप येते, म्हणून ती रात्री घेणे बरे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास या दोन्हींची मात्रा कमी करावी लागते. मुलांची मात्रा वय आणि वजन पाहून बालरोगतज्ज्ञांनी ठरवावी, मोठ्यांच्या गोळीचा अंदाजाने तुकडा करून देऊ नये. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना सहसा लोराटाडिन किंवा सेटिरिझिन निवडतात, तेही डॉक्टरांना विचारूनच.

घेण्याच्या वेळेबाबत दोन औषधांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. फेक्सोफेनाडिन संत्रे, सफरचंद किंवा ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर घेतल्यास रक्तात पुरेसे उतरत नाही. ते साध्या पाण्याबरोबरच घ्यावे आणि ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त आम्लनाशक औषध चालू असल्यास दोन्हींत दोन तासांचे अंतर ठेवावे. बिलास्टिन रिकाम्या पोटी, म्हणजे खाण्याच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर घ्यावे लागते. गोळी लागू पडत नाही अशी तक्रार असताना मात्रा वाढवण्याआधी हा तपशील तपासून पाहण्यासारखा असतो, कारण नाश्त्याबरोबर रोज बिलास्टिन घेणाऱ्याला औषधाची पूर्ण मात्रा मिळतच नसते. सर्दीच्या तयार गोळ्यांतही सेटिरिझिन असते, पण तेवढ्यावरून त्या पित्तासाठी वापरू नयेत. त्यांत पॅरासिटामॉल आणि नाक मोकळे करणारे, रक्तदाब वाढवू शकणारे औषधही असते.

गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवडे तिला संधी द्यावी, त्रास असह्य असेल तर अर्थातच आधी डॉक्टरांना भेटावे. या काळात रोज रात्री दोन आकडे लिहावेत. चोवीस तासांत गांधी नसतील तर 0, वीसपेक्षा कमी असतील तर 1, वीस ते पन्नास असतील तर 2, त्याहून अधिक किंवा मोठे एकत्र झालेले चट्टे असतील तर 3. खाजेलाही तसेच 0 ते 3 गुण द्यावेत. सात दिवसांची बेरीज 0 ते 42 यांच्या दरम्यान येते : 6 पर्यंत आजार चांगला आटोक्यात, 7 ते 15 सौम्य, 16 ते 27 मध्यम, 28 आणि त्यापुढे तीव्र. रोज 2 आणि 2 लिहिणाऱ्याची आठवड्याची बेरीज 28 होते. तीन आठवड्यांनी ती 12 वर आली तर औषध लागू पडते आहे, पण पुरे पडत नाही, हे डॉक्टरांना एका नजरेत कळते. नुसते ‘थोडा फरक आहे’ असे सांगून ते कळत नाही.

पुरे पडत नसेल तर पुढची पायरी बहुतेकांना अनपेक्षित वाटते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अशा वेळी त्याच दुसऱ्या पिढीच्या औषधाची मात्रा डॉक्टर वाढवतात, प्रौढांत गरजेप्रमाणे नेहमीच्या चौपटीपर्यंत. औषधाच्या पाकिटावर ही मात्रा छापलेली नसते, त्यामुळे ती आपल्या मनाने घेऊ नये. हृदयाच्या ठोक्यांचा, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तर मुळीच नाही. जुन्या पिढीच्या औषधांची मात्रा अशी वाढवायची नसते. दोन-तीन वेगवेगळी अँटीहिस्टामिन औषधे एकत्र घेण्यापेक्षा एकाचीच मात्रा वाढवणे श्रेयस्कर मानले जाते. दर चार दिवसांनी दुकानदाराकडून नवे नाव आणण्याने मात्र कोणतेच औषध धडपणे वापरले जात नाही.

चौपट मात्रेनेही भागले नाही तर ओमालिझुमॅबचे इंजेक्शन असते, साधारणपणे 300 मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी. ते महाग आहे, पण अनेकांना त्याचा चांगला गुण येतो. त्यापुढे सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध, तेही रक्तदाब आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवून. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी गांधी झटपट बसतात आणि म्हणूनच त्यांची सवय लागण्याचा धोका असतो. अचानक भडका उडाल्यास डॉक्टर त्या काही दिवस, फार तर दहा दिवसांपर्यंत देतात. जुनी चिठ्ठी दाखवून त्या महिनोन्महिने घेत राहिल्यास मधुमेह, हाडांची झीज आणि रक्तदाब हे पित्तापेक्षा वाईट सोबती पदरात पडतात.

पथ्याचे काय, हा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. वांगे, अंडी, मासे, शेंगदाणे बंद करून रुग्ण वाळतो आणि गांधी तशाच राहतात, कारण जुनाट शीतपित्ताच्या मुळाशी खाण्याची ॲलर्जी क्वचितच असते; बऱ्याच जणांत शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा मास्ट पेशींना चिथावत असते. खाण्याची खरी ॲलर्जी असेल तर तो पदार्थ खाल्ल्यावर बहुधा दोन तासांच्या आत आणि दर वेळी त्रास होतो. शंभर पदार्थांच्या महागड्या रक्तचाचणीपेक्षा साधी रक्तगणना आणि दाहाची एखादी चाचणी, तज्ज्ञांना गरज वाटल्यास थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे आणि एकूण आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड), एवढ्यावर सहसा काम भागते. पोटातील आम्लावरची पँटोप्राझोलसारखी गोळी हाही या गांधींवरचा उपाय नव्हे. टाळण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामके. काही रुग्णांत ती गांधी भडकवतात. हृदयविकारासाठी दिलेले ॲस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नये. घट्ट पट्टा आणि कढत पाण्याची आंघोळ यांनीही पुष्कळांना त्रास वाढतो. अमसुलाचे पाणी लावल्याने घटकाभर थंड वाटते, त्याला हरकत नाही. गार पाण्यानेच गांधी उठत असतील तर तेही टाळावे.

जीभ किंवा घसा सुजणे, श्वास अडकणे, आवाज घोगरा होणे, गांधींबरोबर उलट्या किंवा चक्कर येणे, यांपैकी काही झाल्यास गोळीचा परिणाम पाहत बसू नये. तिथे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन लागते. महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

ॲलर्जीची त्वचाचाचणी ठरली असेल तर त्याआधी गोळी किती दिवस थांबवायची, हे विचारून घ्यावे. बहुधा आठवडाभर थांबवावी लागते, नाहीतर चाचणी खोटीच नकारात्मक येते. एरवी गोळी बंद करण्याची घाई नको. हा आजार अनेकांत एक ते पाच वर्षांत आपोआप ओसरतो, म्हणून काही महिने गुण सलग 0 राहिल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा पायरीपायरीने उतरवून पाहतात. सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन दीर्घकाळ रोज घेऊन एकदम थांबवल्यास काही जणांना थोड्या दिवसांत अंगभर तीव्र खाज सुटते. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2025 मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकात तशी सूचना घालायला लावली. ही खाज गांधींशिवायही येऊ शकते, तेव्हा आजार उलटला असे समजून घाबरू नये आणि औषध पुन्हा सुरू करून अधिक सावकाश कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. मात्रा उतरवताना गांधीच परत आल्या, तर ज्या मात्रेवर अंग स्वच्छ होते त्या मात्रेवर परत जावे, वहीत तारीख लिहावी, आणि काही महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करावा.